घरचा ‘क्लासिकल’ अभ्यास : पाठांतरानंतर काय?

२०२५च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावर महाराष्ट्रात बराच धुरळा उडाला आणि २९ जूनला सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्याच वर्षी पहिलीला नवा अभ्यासक्रमही आला. शाळेत नेमकं काय चाललंय हे कळेनासं झालेल्या पालकांच्या मोबाइलवर याच सुमारास एक शब्द फिरू लागला : क्लासिकल होमस्कूलिंग. त्यासोबत महागडे ऑनलाइन कोर्स, लॅटिनचे तक्ते आणि ‘मूल शाळेतून काढा’ असा बिनधास्त सल्ला. कोल्हापुरात ताराबाई पार्कात राहणारे असोत की कसबा बावड्यात, आईवडिलांना पडणारा प्रश्न सारखाच असतो. यात खरं किती, आणि आपल्याला जमण्यासारखं किती?

मुळात ही पद्धत आहे काय

मध्ययुगीन युरोपात शिक्षणाचे सात विषय मानत. पहिले तीन म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. या तिघांना मिळून ट्रिव्हियम म्हणत. पुढचे चार अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. ते क्वाड्रिव्हियम. हे इयत्तावार वर्ग नव्हते, विषयांची विभागणी होती. वयाची शिडी पुढे लागली : १९४७ साली डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने ऑक्सफर्डमधल्या एका भाषणात पहिले तीन विषय मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांना जोडून दाखवले. आजचं क्लासिकल होमस्कूलिंग, विशेषतः अमेरिकेतलं, त्या मांडणीवर उभं आहे. त्यामुळे ‘हजारो वर्षांची सिद्ध पद्धत’ ही जाहिरात अर्धीच खरी. विषय जुने आहेत, शिडीला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. इयत्तांचे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत, ते एवढ्यासाठीच.

आपल्या सोयीसाठी या तीन टप्प्यांना साठवण, छाननी आणि मांडणी म्हणू. पहिली ते चौथी साठवण : पाढे, कविता, नकाशे, शब्द. पाचवी ते आठवी छाननी : हे असंच का, कशावरून, नेहमीच का. नववीपासून मांडणी : स्वतःचं म्हणणं लिहून आणि बोलून पटवणं. तालमीत हाच क्रम असतो. आधी जोर-बैठका, मग डाव-प्रतिडाव, मग मैदान. नुसत्या बैठका मारून कुणी पैलवान होत नाही, आणि बैठका न मारता मैदानात उतरलेल्याला वस्तादही वाचवू शकत नाही.

यातलं परकं फारसं काही नाही. पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे), पदपाठ-क्रमपाठ (वेद पाठ करण्याच्या रीती), न्यायशास्त्रातलं अनुमान (कारणावरून निष्कर्ष काढणं), पूर्वपक्ष (समोरच्याचं म्हणणं) आणि उत्तरपक्ष (त्याला दिलेलं उत्तर) हे सगळं आपल्याकडे होतंच. घरोघरी अडतं ते मधल्या टप्प्यावर. पाठांतर आपण हौसेने करून घेतो, भाषणस्पर्धेलाही उभं करतो. भाषण बहुधा आईने लिहून दिलेलं असतं, हा भाग वेगळा. मधली चार वर्षं मूल ‘पण का?’ विचारू लागतं तेव्हा मात्र ‘उलट बोलू नको’ म्हणून ते संपवतो.

एकच विषय, तीन टप्पे : पंचगंगेचा पूर

कोल्हापूरच्या मुलाला हा विषय वेगळा शोधावा लागत नाही, दर पावसाळ्यात तो दारात येतो.

दुसरी-तिसरीत फक्त साठवण. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती या पाच नद्या. प्रयाग चिखलीचा संगम. राधानगरी धरण भोगावतीवर. पंचगंगा कृष्णेला मिळते नृसिंहवाडीला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आठवड्याला दोन-तीन गोष्टी घेतल्या तर महिन्याभरात होतं. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावावा आणि मुलाने उगमापासून नृसिंहवाडीपर्यंत बोट फिरवत नावं घ्यावीत. महिनाअखेरीस कोऱ्या कागदावर नद्या स्वतः काढाव्यात. रेघ वाकडी आली तरी चालेल, भोगावती कासारीच्या जागी गेलेली चालणार नाही.

सहावीत तोच विषय पुन्हा, वही घेऊन. जून ते सप्टेंबर रोज पाच रकाने भरायचे : तारीख, सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी, राधानगरीचे उघडलेले दरवाजे, गगनबावड्याचा पाऊस, कोल्हापूर शहरातला पाऊस. आकडे रोजच्या बातम्यांत मिळतात. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एकातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटरहून अधिक. हा गुणाकार मुलाने स्वतः करावा. आपल्या टाकीत हजार लिटर मावतात हे त्याला माहीत असतं, त्यामुळे चाळीस हजार म्हणजे किती हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग अनुमान. न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितलेत आणि सहावीच्या मुलाला ते सहज पेलतात :

प्रतिज्ञा : उद्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढणार.
हेतू : कारण राधानगरीचे दोन दरवाजे उघडलेत.
उदाहरण : वरून पाणी सोडलं की खाली पातळी वाढते, वहीत गेल्या आठवड्याची नोंद आहे.
उपनय : आजही वरून पाणी सोडलंय.
निगमन : म्हणून पातळी वाढणार.

इथे टाळ्या वाजवून थांबायचं नाही. मुलाला वहीत असा दिवस शोधायला लावा, जेव्हा दरवाजे उघडले आणि पातळी तरीही उतरली. पावसाळा साधारण झाला असेल तर तो बहुतेक सापडतोच, कारण कासारी-कुंभीच्या खोऱ्यात पाऊस थांबलेला असतो आणि एकट्या भोगावतीचं पाणी पातळी चढवायला पुरत नाही. हेतू वाटला होता, पण पुरा पडला नाही. हेतूसारखा दिसून फसवणाऱ्याला हेत्वाभास म्हणतात. ही एक संज्ञा मुलाला नीट कळली की व्हॉट्सॲपवरचे अर्धे मेसेज ते स्वतःच तपासायला घेतं.

नववी-दहावीत मांडणी. विषय तयारच आहे : कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकचा प्रस्ताव, आणि त्याने कोल्हापूर-सांगलीचा पूर वाढेल का हा वाद. मुलाने चारशे शब्दांत एक बाजू लिहावी, चारशे शब्दांत दुसरी. आपल्याला न पटणारी बाजू आधी, आणि ती अशी की समोरचा म्हणेल, ‘हो, हेच म्हणणं होतं माझं.’ मग घरच्यांसमोर कागद न घेता चार मिनिटं बोलायचं. बंधाऱ्याचे आकडे आणि नद्यांचा क्रम तोवर डोक्यात मुरलेला असला तर सगळं लक्ष मुद्द्यांच्या मांडणीवर राहतं. नसला तर चार मिनिटांतली दोन ‘ते हे... आपलं...’ करण्यात जातात.

पाठांतर म्हणजे घोकंपट्टीच की!

आक्षेप रास्त आहे, आणि बहुतेक घरांत खराही ठरतो. कारण रोज नवीन घातलं जातं आणि जुनं उजळलं जात नाही. तीन आठवड्यांनी मुलाला काहीच आठवत नाही, पालक चिडतात आणि दोष पद्धतीवर जातो.

उपाय म्हणजे बुटाचं रिकामं खोकं आणि पोस्टकार्डाएवढे कागद. खोक्यात पुठ्ठ्याचे चार कप्पे करा : रोज, एकाआड एक दिवस, आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा. नवं कार्ड ‘रोज’मध्ये जातं. ओळीने सात दिवस न अडखळता आलं की पुढच्या कप्प्यात. दोन आठवडे तिथे टिकलं की आठवड्याच्या कप्प्यात, त्यानंतर महिन्याच्या. कुठेही अडखळलं की थेट पहिल्या कप्प्यात परत, आणि न रागावता. एकूण वेळ पंधरा मिनिटं : पाच नव्याला, दहा जुन्याला. ‘रोज’च्या कप्प्यात पाचपेक्षा जास्त कार्डं साचली तर नवं बंद. हा एक नियम मोडला की बाकी सगळं कोसळतं.

पाढ्यांची परीक्षा क्रमाने घेऊ नये. ‘सात नव्वे?’ विचारल्यावर मूल ‘सात एके सात’पासून सुरुवात करत असेल तर त्याला पाढा येत नाही, पाढ्याचं गाणं येतं. उलटसुलट विचारा, तीन सेकंद द्या. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी. हे जुनाट वाटेल, पण सतरा दिढे साडेपंचवीस हे ज्याच्या जिभेवर आहे त्याला पुढे अपूर्णांक परके वाटत नाहीत. मराठी संख्यांची नावंही मुद्दाम पक्की करून घ्यावी लागतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळणारं मूल मठ्ठ नसतं, आपली नावंच अवघड आहेत. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक’वरून झालेलं भांडण आठवत असेलच.

आणि छाननी इथेही हवी. गुळाचा दर क्विंटलला ४२०० रुपये असेल तर तीस किलोच्या रव्याचे (गुळाच्या ढेपेचे) किती? त्रैराशिकाने (तीन संख्यांवरून चौथी काढण्याच्या रीतीने) १२६०. चौथीचं मूल सांगेल. आता विचारा : एका काहिलीतला (गुऱ्हाळाच्या मोठ्या कढईतला) उसाचा रस आटायला अडीच तास लागतात, तर चार चुलाणांवरच्या चार काहिलींना किती? जे मूल झटक्यात ‘दहा’ म्हणतं त्याला रीत येते, ती कुठे लावायची नाही ते अजून येत नाही. त्रैराशिक १२व्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या गणितातही आहे. रीत जुनी आहे म्हणून ती प्रत्येक ठिकाणी चालते असं नाही.

लेखन : कित्ता, श्रुतलेखन, सांगणं

या पद्धतीत ‘माझी सहल’ छाप निबंध दुसरीत लिहून घेत नाहीत. विचार करणं आणि अक्षर काढणं ही दोन ओझी एकदम दिली की मूल सगळ्यात लहान वाक्य शोधतं. म्हणून आधी ती वेगळी ठेवायची. चांगल्या गद्यातला मजकूर बघून लिहायचा : पहिलीत एक वाक्य, दुसरीत दोन, चौथीपर्यंत सहा ओळी. आणि ऐकलेलं तोंडी सांगायचं. ‘मग पाणी लई झालं की धरणाचं दार आपोआप उघडतंय’ असं मूल म्हणालं तर ते तसंच लिहून घ्या आणि त्याला वाचायला द्या. बोली सुधारत बसू नका. कित्त्यात प्रमाण भाषा येतच असते.

तिसरीपासून श्रुतलेखन, आठवड्यातून दोनदा, चाळीस शब्दांचं. उतारा आदल्या दिवशी दाखवलेला असावा. हा सापळा नाही. पाचवीत याच वहीतून नियम बाहेर काढता येतो. मुलाला या जोड्या द्या : दूध–दुधाला, फूल–फुलाला, बहीण–बहिणीला, जमीन–जमिनीत. काय बदलतंय ते त्यानेच सांगावं. दहा मिनिटं लागली तरी लागू द्या, सांगून टाकू नका. त्याने ‘शेवटून दुसरं अक्षर दीर्घ होतं, प्रत्यय लागल्यावर ऱ्हस्व झालं’ असं काहीतरी म्हटलं की मग शरीर–शरीराला पुढे करा. नियम का मोडला? कारण शरीर संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, तत्सम. आठवीच्या मुलांनाही न सुटणारा ऱ्हस्व-दीर्घाचा गुंता बऱ्याच अंशी इथे सुटतो, कारण नियम त्याने स्वतः शोधलेला असतो.

भूमिती आणि खगोल घरी कसं?

अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात, ते ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. सातवीच्या मुलाला एवढंच विचारा : याच दोन वेळा का?

कॅलेंडर घेऊन मोजू द्या. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. मधोमध सर्वांत लहान दिवस येतो. सूर्य मावळण्याची जागा तोवर दक्षिणेकडे सरकते आणि मग परत फिरते. जाताना आणि येताना तीच जागा लागते. ती पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला आहे. गच्चीवरून होकायंत्राने कोन मोजता येतो. चार-पाच अंश इकडेतिकडे होणारच, मोबाइलचं होकायंत्र लोखंडी टाकीजवळ फसतं.

सोबत एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि दर पंधरवड्याला दुपारची सर्वांत लहान सावली मोजा. २१ डिसेंबरला ती ८४ सेंटीमीटरच्या आसपास भरते. मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली काठीच्या बुडाशी जाते. ऑगस्टात ढगच असतात, त्यामुळे मे चुकवू नये. ही वेळ बाराला येत नाही, साडेबाराच्या सुमारास येते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला, आणि अंशाला चार मिनिटं. मुलाने ३३ मिनिटांचं उत्तर स्वतः काढलं तर भूगोलाचा तो धडा वाचायची गरज उरत नाही.

संस्कृत किंवा लॅटिन यायलाच हवं का?

लॅटिन तर नकोच. पाश्चात्त्य घरांत ते त्यांच्या भाषांचं मूळ म्हणून येतं, आपल्याकडे ती जागा संस्कृतची. जमत असेल तर पाचवीपासून रोज पंधरा मिनिटं. राम शब्दाची चोवीस रूपं एका दमात पाठ करून घेऊ नका. एका आठवड्याला दोन विभक्ती, आणि प्रत्येक रूप लगेच वाक्यात. जमत नसेल तर मराठीचंच व्याकरण नीट करा, काही बिघडत नाही.

म्हणजे शाळा सोडायची का?

सोडायलाच हवी असं मुळीच नाही. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी रोज पाऊण तास पुरतो : पंधरा मिनिटं खोकं, पंधरा मिनिटं लेखन, पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवणं आणि त्यावर बोलणं. दोघंही नोकरी करत असाल तर पहिली पंधरा मिनिटं आजी-आजोबांकडे द्या. पाढे ऐकायला त्यांच्याइतकं धीराचं माणूस घरात दुसरं नसतं.

पूर्णवेळ घरी शिकवायचं असेल तर कायदा वाचा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं दहावं कलम ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य ठरवतं. न केल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, पण घरशिक्षणाला परवानगी देणारं कलमही नाही. पुढे दहावीसाठी दोन सरळ वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा, वयाची १४ पूर्ण झाल्यावर, किमान पाच विषय. किंवा राज्य मंडळाला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसणं. कोल्हापूर विभागीय मंडळाकडे सांगली आणि साताराही येतात. फॉर्मची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, दिवाळीनंतर बघू म्हटलं की वर्ष जातं. पूर्णवेळ घरी असलेल्या मुलाला मैदान, तालीम, गाण्याचा वर्ग असं रोज कुठेतरी चार मुलांत जायला मिळायलाच हवं.

हे जुनं शिक्षण होतं कुणासाठी?

हा सर्वांत टोकदार आक्षेप, आणि कोल्हापुरात तो टाळता येत नाही. १८९९च्या सुमारास याच पंचगंगेकाठी खुद्द शाहू महाराजांसाठी पुरोहिताने, ते क्षत्रिय नाहीत असं ठरवून, वेदोक्ताऐवजी (वेदांतल्या मंत्रांऐवजी) पुराणोक्त (पुराणांतले) मंत्र म्हटले आणि वेदोक्त प्रकरण पेटलं. पाठांतराची थोर परंपरा होती, पण तिच्या दारावर जात आणि लिंग बघून माणसं अडवली जात. त्याच महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

त्यामुळे आज घरी ‘क्लासिकल’ शिकवताना नुसती स्तोत्रं आणि सुभाषितं घेतली तर आपण तीच यादी पुढे नेतो. पाठ करायला तुकोबा घ्या, जनाबाई आणि चोखोबा घ्या, पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांच्या आर्या (मात्रांच्या वृत्तातल्या कविता) घ्या, जात्यावरची ओवीही घ्या. आर्येच्या मात्रा मोजायला मोरोपंत उत्तम : बारा-अठरा, बारा-अठरा. लघूला एक, गुरूला दोन, आणि चौथीचं मूल बोटांवर हिशेब लावतं.

वाद घालायला शिकवलं तर मूल उद्धट होईल

होईल, नियम न लावता शिकवलं तर. म्हणून तीन नियम आधीच ठरवा. एक, समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगून झाल्यावरच आपलं सांगायचं. दोन, प्रत्येक ‘मला वाटतं’ला ‘कशावरून’ची जोड हवी. तीन, आवाज चढला की वाद तिथे थांबतो आणि उद्या सुरू होतो, पहिल्या वाक्यापासून.

वेळही ठरलेली असावी. आठवड्यातून दोन दिवस जेवणानंतर वीस मिनिटं पुरतात. आंघोळ आणि झोप हे वादाचे विषय नाहीत, हे सहावीच्या मुलाला एकदा स्पष्ट सांगितलं की कळतं. आणि हे नियम बाबांनाही लागू. मुलाने वही उघडून ‘बाबा, तुम्ही म्हणालात दरवाजे उघडले की पातळी वाढतेच, हा दिवस बघा’ असं दाखवलं तर बाबांनी चष्मा लावून तो दिवस बघायचा, आणि आकडा खरा असेल तर आपलं वाक्य बदलायचं.